‘आवरून ठेव’ म्हटलं आणि फाइलच गेली: एआय असिस्टंटबरोबरचं सेशन बंद करताना होणारे घोळ

त्रास असा की संध्याकाळी सगळं चालत असतं आणि सकाळी उघडलं की चालत नाही. कधी एखादी फाइलच जाग्यावर नसते. कधी काल मारलेला बग पुन्हा जिवंत होऊन बसलेला असतो. कधी कोड लिहून देणारा एआय असिस्टंट नेमका तोच मार्ग सुचवतो, जो काल दुपारी आपण दोघांनी मिळून मोडीत काढला होता.

गोव्यात, फोंड्याला वरच्या बाजाराजवळ आमचं तिघांचं ऑफिस आहे, खाली हार्डवेअरचं दुकान. कामं बहुतेक होमस्टे आणि छोट्या हॉटेलांच्या बुकिंगची. पावसाळ्यात खालून ‘करंट गेलो रे!’ अशी हाक आली की अर्ध्या मिनिटात राउटर मरतो, म्हणून बरेच दिवस मी सगळं खापर विजेवर फोडत होतो. मग उन्हाळ्यातही तेच व्हायला लागलं. वीज होती, नेट होतं, तरी सोमवारी सकाळी कपाळाला हात. तेव्हा कळलं की घोळ आपल्या निघण्याच्या पद्धतीत आहे.

ज्या प्रसंगानं डोळे उघडले तो आधी सांगतो. जीएसटी परिषदेनं 3 सप्टेंबर 2025 ला दर बदलले. खोलीचं दिवसाचं भाडं 7,500 रुपयांपर्यंत असेल तर कर 12 ऐवजी 5 टक्के, त्याच्या वर 18 टक्के तसाच. लागू 22 सप्टेंबरपासून, म्हणजे नेमकी घटस्थापना. आमच्या कोडमध्ये कराचा हिशेब चार ठिकाणी विखुरलेला होता. शनिवारी दिवसभर बसून असिस्टंटकडून तो एका नव्या फाइलीत गोळा करून घेतला. सहा वाजले, सावईवेऱ्याची बस चुकली तर पुढची तासानं, म्हणून मी घाईघाईत लिहिलं, ‘आता पुरे. सगळं आवरून ठेव, सोमवारी बघू.’

आणि त्यानं खरंच आवरलं. आई ‘आवरून ठेव’ म्हणते तेव्हा वस्तू जागच्या जागी ठेवायच्या असतात, फेकायच्या नसतात. याला तो फरक कोण सांगणार? गिट म्हणजे कोडच्या आवृत्त्यांची नोंद ठेवणारं साधन. त्यानं त्यातले बदल स्टॅश केले, म्हणजे बाजूला काढून ठेवले, मग ‘तात्पुरत्या फाइली’ काढण्यासाठी गिट क्लीन (गिटच्या नोंदीत नसलेल्या फाइली पुसणारा आदेश) चालवलं आणि शेवटी अभिमानानं कळवलं की वर्किंग ट्री, म्हणजे कामाचं फोल्डर, स्वच्छ आहे. ती नवी फाइल गिटला अजून ठाऊकच नव्हती. स्टॅशनं तिला हात लावला नाही, क्लीननं ती उचलून फेकली. घटस्थापनेच्या सकाळी जुन्या चारही ठिकाणी 12 टक्के जसेच्या तसे, आणि पहिल्या ग्राहकाचा फोन साडेनऊला. त्या दिवशी हातानं आकडे बदलून वेळ मारून नेली. संध्याकाळी म्हार्दोळला मखर बघायला गेलो खरा, पण देवीपुढंसुद्धा डोक्यात तीच फाइल.

फाइल गेली असेल तर

सर्वांत आधी हात थांबवा. असिस्टंटला ‘ती फाइल परत कर’ असं लगेच सांगू नका. तो आज्ञाधारकपणे आठवणीतून नवी लिहून देईल, ती जुन्यासारखी दिसेल आणि त्यात काय सुटलं ते महिन्याभरानं कळेल.

फाइल निदान एकदा गिट ॲड केली, म्हणजे गिटच्या नोंदीत घेतली असेल तर तिचा मजकूर गिटच्या पोटात शिल्लक असतो. गिट एफएसके हा आदेश ‘लॉस्ट फाउंड’ पर्यायासह चालवला की असे बेवारस तुकडे तो वेगळ्या फोल्डरात काढून ठेवतो. नावं गेलेली असतात, मजकूर असतो. उघडून बघत बसावं लागतं. चुकून टाकून दिलेला स्टॅशही बहुधा असाच सापडतो, पण उशीर नको. गिटची साफसफाई मूळ सेटिंगनुसार दोन आठवड्यांहून जुने बेवारस तुकडे काढून टाकते. कमिट केलेलं, म्हणजे गिटच्या इतिहासात पक्कं नोंदवलेलं काम रीसेटमुळे (कोड मागच्या स्थितीला नेल्यामुळे) नाहीसं झालं असेल तर गोष्ट सोपी आहे. गिट रिफ्लॉगमध्ये त्याचा माग निदान 30 दिवस राहतो.

माझी फाइल मात्र कधीच ॲड झाली नव्हती, म्हणजे गिटकडून काही मिळणार नव्हतं. व्हीएस कोड या एडिटरमध्ये टाइमलाइन नावाची सोय आहे, जुन्या आवृत्त्या ठेवणारी. पण ती एडिटरमधून सेव्ह केलेल्या फाइलींची. टर्मिनलमधल्या (आदेश टाइप करायच्या खिडकीतल्या) असिस्टंटनं परस्पर लिहिलेली फाइल तिथं सापडत नाही. मी तिथं पाऊण तास घालवला, तुम्ही घालवू नका.

सापडली ती भलत्याच जागी, सेशनच्या नोंदवहीत. टर्मिनलमध्ये चालणारे असिस्टंट बहुधा संभाषण होम फोल्डरात कुठंतरी लिहून ठेवतात, आणि त्यानं फाइल लिहिली तेव्हाचा पूर्ण मजकूर त्या नोंदीत असतो. आधी मूळ फाइल, मग पुढचा प्रत्येक बदल. ते क्रमानं लावत गेलो तेव्हा शनिवारी संध्याकाळची फाइल ओळीला ओळ लावून परत उभी राहिली. दोन तास लागले. ही नोंदवही कायमची नसते, हेही ध्यानात असू द्या. उदाहरणार्थ क्लॉड कोड या असिस्टंटमध्ये ती मूळ सेटिंगनुसार 30 दिवसांनी पुसली जाते.

मूळ दुखणं

असिस्टंट ‘झालं’ म्हणतो तेव्हा तो आपल्याशी झालेल्या बोलण्याबद्दल सांगत असतो, डिस्कवर काय आहे त्याची ती हमी नव्हे. असिस्टंटमागच्या मॉडेलला स्वतःची आठवण नसते. समोरच्या खिडकीत मावेल तेवढाच मजकूर त्याला दिसतो. सेशन लांबलं की जुना भाग गोषवारा करून आवळला जातो, आणि सकाळी अकराला ‘हा मार्ग नको’ असं का ठरलं होतं, ते नेमकं त्या गोषवाऱ्यात गळतं. संध्याकाळी सहाला त्याच्याकडून दिवसाचा अहवाल मागणं म्हणजे गोषवाऱ्याचा गोषवारा मागणं.

नेटचंही तसंच. असिस्टंटचं डोकं दूरच्या सर्व्हरवर, हात आपल्या मशीनवर. राउटर मेला की सुरू झालेला आदेश आपल्या मशीनवर चालतच राहतो, फक्त निकाल बघायला कोणी नसतं. आणि सात फाइलींत बदल करायचे असतील तर चार झालेले, तीन राहिलेले. लॅपटॉपला बॅटरी असते म्हणून आपण निर्धास्त. आम्ही शेवटी राउटरला छोटा यूपीएस लावला. हा सगळ्यांत स्वस्त उपाय होता आणि सगळ्यांत उशिरा सुचला.

निघायच्या अर्धा तास आधी

माझा आता एकच हट्ट आहे, शेवटच्या अर्ध्या तासात नवं काम मागायचं नाही. ‘जाता जाता एवढं बटण हिरवं कर’ हेही नाही. माझी अर्धी दुखणी या ‘जाता जाता’तूनच निघाली.

मग ‘आवर’, ‘साफ कर’, ‘संपव’ असले शब्द न वापरता नेमकं सांगायचं. मी लिहितो ते साधारण असं: ‘एकही फाइल पुसू नकोस. स्टॅश, रीसेट, क्लीन यांतलं काही चालवू नकोस. गिट स्टेटस दाखव, आणि आज तू तयार केलेल्या प्रत्येक फाइलीचं नाव आणि तिचं काम सांग.’ यादी आली की मी स्वतः दुसऱ्या टर्मिनलमध्ये गिट स्टेटस चालवतो. दोन्ही जुळायला हवेत. जुळत नाहीत तिथंच उद्याचं दुखणं बसलेलं असतं.

यानंतर कमिट. अर्धवट काम असलं तरी कमिट, स्वतःच्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या फांदीवर), संदेशात ‘अर्धवट’ असं स्पष्ट लिहून, आणि लगेच पुश, म्हणजे सर्व्हरवर पाठवणं. स्टॅशचा मोह पुष्कळांना होतो, मलाही होता. पण ‘यू’ हा पर्याय दिल्याशिवाय नव्या फाइली स्टॅशमध्ये जात नाहीत, पुश केल्यावर स्टॅश सर्व्हरवर जात नाही, आणि महिन्याभरात असे अकरा स्टॅश साठले की कुठल्यात काय होतं ते देवालाही सांगता येणार नाही. अर्धवट कमिट दिसायला ओंगळ असतात हे मान्य, पण पुढं मुख्य ब्रँचमध्ये मिसळताना ते एकत्र करता येतात.

कमिट करताना एकच काळजी, सगळं एकदम ॲड करू नका. गिट ॲडला ‘पी’ पर्याय दिला तर तो प्रत्येक बदल तुकड्यातुकड्यानं दाखवून विचारतो. दहा मिनिटं जातात, पण दिवसभरात असिस्टंटनं काय काय केलं ते याच दहा मिनिटांत खरं कळतं. अगदी नव्या फाइली मात्र ‘पी’ दाखवत नाही, त्या नाव घेऊन वेगळ्या ॲड कराव्या लागतात. पासवर्ड आणि की ठेवलेली एनव्ही फाइल चुकून आत जाण्याचा धोकाही इथंच पकडला जातो. ती कमिट होऊन पुश झालीच असेल तर पुढच्या कमिटमध्ये पुसून उपयोग नाही, इतिहासात ती राहते. की रद्द करून नवी घ्यायची, दुसरा मार्ग नाही.

‘टेस्ट पास’ आणि 7,500 रुपयांची खोली

यावर थोडं थांबतो, कारण हा घोळ सगळ्यांत गोडगोड बोलून येतो. पुढच्याच आठवड्यात घडलेली गोष्ट. कायद्यात ‘7,500 पर्यंत’ आहे, म्हणजे बरोबर 7,500 च्या खोलीला 5 टक्के, कर 375 रुपये. कोडमध्ये तुलना ‘7,500 पेक्षा कमी’ अशी लिहिली गेली होती, म्हणून त्याच एका खोलीला 18 टक्के लागून 1,350 रुपये येत होते. टेस्ट, म्हणजे कोडचं उत्तर अपेक्षेप्रमाणे येतं का ते तपासणारा छोटा कोड, अडली. टेस्ट बरोबर होती. मी निघायच्या घाईत लिहिलं, ‘टेस्ट पास करून दे आणि बंद कर.’ त्यानं टेस्टमधलं अपेक्षित उत्तर 375 चं 1,350 केलं. टेस्ट पास.

लबाडी म्हणावी का याला? मला नाही वाटत. मी मागितलं ते त्यानं दिलं. पण तेव्हापासून शेवटच्या कमिटआधी मी टेस्टच्या फोल्डरातले बदल वेगळे काढून बघतो. तिथं आकडा बदललेला दिसला, किंवा एखादी टेस्ट ‘स्किप’ केलेली दिसली, तर का ते विचारतो. आणि टेस्ट मी स्वतः चालवतो, शेवटच्या बदलानंतर. असिस्टंटनं चार वाजता चालवलेल्या टेस्टचा निकाल साडेपाचच्या कोडला लागू होत नाही. वाक्य मात्र तो तेच वापरतो.

उद्यासाठी चिठ्ठी

आमची एक सहकारी डिचोलीहून येते आणि रोज माझ्याआधी पोचते. पूर्वी ती फोन करायची, ‘दादा, काल कुठपर्यंत आलेलं?’ आणि मी बसमध्ये उभ्यानं आठवत बसायचो. आता प्रोजेक्टमध्येच एक साधी मजकुराची फाइल असते. ती वाचते, आणि नवं सेशन सुरू करताना असिस्टंटलाही तीच वाचायला लावते. एका दिवसाची चिठ्ठी जशीच्या तशी देतो:

‘झालं: कराचा हिशेब एका फाइलीत. चारपैकी तीन ठिकाणं नव्या पद्धतीवर.
अर्धवट: रद्द बुकिंगचा परतावा अजून जुन्या दरानं मोजला जातो.
करून पाहिलं, जमलं नाही: दर डेटाबेसात ठेवून पाहिला. जुनी बिलंही नव्या दरानं दिसू लागली, म्हणून मागं घेतलं. पुन्हा त्या वाटेनं जाऊ नये.
हात लावू नये: 22 सप्टेंबरच्या आधीची बिलं.
सकाळी पहिलं: परताव्याच्या टेस्ट चालवणे. दोन पडतील, ते अपेक्षित आहे.’

यातली तिसरी ओळ सोन्याची. काय झालं ते कोड वाचून कळतं. काय करून पाहिलं आणि का सोडलं ते कोडमध्ये कुठंच नसतं, आणि नेमकं तेच असिस्टंट सकाळी उत्साहानं सुचवतो. म्हणून चिठ्ठीचा पहिला भाग मी दुपारी जेवायला उठताना लिहून घेतो, बोलणं आवळलं जायच्या आत. संध्याकाळी फक्त भर घालायची. मसुदा असिस्टंट लिहितो, मी वाचून दुरुस्त करतो. न वाचता ठेवलेल्या चिठ्ठीत ‘सर्व ठिकाणी लागू केलं’ असं ठोकून दिलेलं मला दोनदा सापडलं आहे.

आणि ही चिठ्ठी रोज बदलायची. कायमचे नियम, म्हणजे कुठली फाइल पवित्र आणि टेस्ट कशा चालवायच्या, ते क्लॉड डॉट एमडी किंवा एजंट्स डॉट एमडी अशा असिस्टंट आपोआप वाचतो त्या फाइलीत. रोजचं त्यात ओतलं की तिचा अडगळीचा माळा होतो.

बाकीचे किरकोळ

सकाळी ‘3000 पोर्ट वापरात आहे’ अशी ओरड येत असेल तर काल असिस्टंटनं मागं चालू करून ठेवलेला सर्व्हर अजून जिवंत आहे. काही साधनं अशा वेळी मुकाट्यानं 3001 घेतात. आपण ब्राउझरमध्ये 3000 उघडून कालचाच कोड बघत राहतो आणि बदल का दिसत नाही म्हणून डोकं फोडतो. निघताना ‘तू सुरू केलेल्या आणि अजून चालू असलेल्या सगळ्या प्रोसेस सांग’ असं विचारायचं, आणि मग आपणच थांबवायच्या.

डेटाबेसची मायग्रेशन, म्हणजे टेबलांची रचना बदलण्याचं काम, संध्याकाळी सुरू करू नका. मायएसक्यूएलमध्ये टेबलाची रचना बदलणारा प्रत्येक आदेश स्वतःच पक्का होऊन बसतो. चारपैकी दोन होऊन थांबलं तर ते दोन मागं घेता येत नाहीत. पोस्टग्रेसमध्ये असे बहुतेक आदेश एका ट्रान्झॅक्शनमध्ये बांधता येतात, सगळे होतात किंवा एकही नाही. आमचा एक जुना ग्राहक मायएसक्यूएलवर आहे, त्याची मायग्रेशन फक्त सकाळी, चहा झाल्यावर.

परवानग्यांचंही एकदा बघा. थकलेल्या माणसाला असिस्टंट विचारतो, ‘हा आदेश चालवू का?’ आणि आपण ‘नेहमी चालव’ दाबून मोकळे होतो. ती परवानगी पुष्कळदा प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये लिहून राहते. माझ्या सेटिंगमध्ये गिट क्लीनला अशीच कधीतरी कायमची परवानगी दिलेली निघाली. कधी दिली, आठवत नाही. आता क्लीन, हार्ड रीसेट आणि फोर्स पुश हे काम पुसू शकणारे तिन्ही आदेश मनाईच्या यादीत आहेत. ही यादी म्हणजे भिंत नव्हे, कुंपण. फाइल पुसायला गिटच लागतं असं थोडंच आहे. म्हणून कमिट आणि पुश आधी, यादी नंतर.

एक त्रास अजून सुटलेला नाही. वीज अचानक गेली आणि मी खुर्चीत नसलो, तर चिठ्ठी राहूनच जाते. परवा तसं झालं. मी खाली चहाला, वर सेशन चालू, आणि नारळाचं चुडत, म्हणजे झावळी, तारेवर पडलं. दुसऱ्या दिवशी डिचोलीच्या त्या सहकारिणीनं चिठ्ठीच्या जागी कागद चिकटवून ठेवला होता: ‘दादा, काल दुपारपर्यंतचंच आहे. त्यानंतरचं गिट डिफमध्ये बघते, तू फोन करू नको.’